बाटली तिची, बूच तिचंच

फेब्रुवारीत मी अरबी समुद्रात चाललेय, रिसर्च क्रूझवर, आणि सध्या आमच्या लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नाही इतके खोके पसरलेत. गेले कित्येक दिवस जो भेटतो तो विचारतो की तयारी कसली एवढी, बॅग भरायची आणि निघायचं ना, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकते. उद्या बडोद्यातल्या किंवा अशाच समुद्रापासून लांबच्या एखाद्या गावातल्या पोराला-पोरीला जहाजावर जायचा चान्स मिळाला तर त्यांना उपयोग होईल, मला तरी ह्यातलं बहुतेक सगळं सीनियर लोकांच्या मागे फिरून, विचारून विचारूनच कळलंय.

आधी बघायला काय चाललोय ते सांगते, कारण तयारी अशी का करावी लागते ते त्याशिवाय कळणार नाही. समुद्राच्या वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, हवेतून मिसळत राहतो आणि पाण्यातल्या बारीक वनस्पती, म्हणजे फायटोप्लँक्टन, उन्हात तयार करत राहतात. पण अरबी समुद्रात साधारण १५० मीटरच्या खाली उतरलं की तो झपाट्याने कमी होत जातो आणि तिथून पार १००० मीटरच्या आसपासपर्यंत पाण्याचा एक जाडजूड थर असा आहे की ज्यात ऑक्सिजन नावालाच, मधल्या भागात तर जवळपास शून्य. ह्याला ऑक्सिजन मिनिमम झोन म्हणतात, आम्ही नुसतं ओएमझेड म्हणतो. खुल्या समुद्रात इतक्या कमी ऑक्सिजनचे मोठे पट्टे जगात तीनच, दोन पॅसिफिकच्या पूर्वेकडच्या भागात आणि तिसरा हा आपला, गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून बोट काढली की थोड्या वेळात त्याच्यावर जाऊन पोचाल इतका जवळ.

तो इथेच का, तर त्याची कारणं सगळी एकत्र आलीयेत. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सोमालिया-ओमानच्या बाजूला खालचं पाणी वर खेचतो, त्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट असतं, म्हणजे खतच, त्यामुळे फायटोप्लँक्टन प्रचंड वाढतं. हिवाळ्यात दुसरी गोष्ट होते. उत्तरायणाला आपण गच्चीवर पतंग उडवतो तेव्हा जो गार कोरडा वारा उत्तरेकडून येतो ना, त्या मोसमाचा तसलाच वारा पुढे समुद्रावर जाऊन वरचं पाणी थंड करतो, थंड आणि खारट झालेलं पाणी जड होऊन खाली बसतं आणि खालचं खतवालं पाणी वर मिसळतं, की पुन्हा वाढ सुरू. ही सगळी वाढ शेवटी मरून खाली जाते, खाली बॅक्टेरिया ती खातात आणि खाताना ऑक्सिजन संपवतात. आणि संपलेला भरून यायला हवा तर उत्तरेला वाट बंद, आशिया खंड आडवा आहे, ध्रुवाकडचं थंड ताजं पाणी उत्तरेकडून येण्याचा प्रश्नच नाही, जे येतं ते दक्षिणेकडून लांबचा प्रवास करून येतं आणि येईपर्यंत त्यातला ऑक्सिजन बराचसा खर्च झालेला असतो.

मग ऑक्सिजन नाही म्हटल्यावर तिथले काही बॅक्टेरिया नायट्रेटवर गुजराण करतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात, म्हणजे समुद्राचं खत हवेत जातं, आणि ह्याच भानगडीत नायट्रस ऑक्साइडही तयार होतो जो ग्रीनहाऊस गॅस आहे. गेल्या वीसेक वर्षांत हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाच्या जिवाचे हिरवेगार थर पसरलेले दिसतायत, त्याचा ह्या कमी ऑक्सिजनशी संबंध आहे की नाही ह्यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून दोन मतं आहेत. मला हा विषय मनापासून आवडतो, आणि सुरत-वेरावळच्या मासेमारीपासून पावसाच्या गणितापर्यंत सगळ्यांना लागणारा आहे असं मला वाटतं, म्हणून घरच्यांना पण मी जेवताना सारखं हेच ऐकवत असते.

तर आता मुद्दा. आम्हाला जवळपास शून्य असलेली गोष्ट मोजायची आहे. भरपूर असलेली गोष्ट मोजताना थोडं इकडेतिकडे झालं तरी निभतं, पण जिथे काहीच नाही तिथे हवेचा एक बुडबुडा बाटलीत अडकला तरी तुमचा आकडा खोटा. आणि तो खोटा आहे हे आकड्याकडे बघून कळत नाही, हीच भीती असते. म्हणून जे काय धरून-बांधून, मोजून-मापून घ्यायचं ते इथे बडोद्यातच घ्यायचं, जमीन स्थिर आहे तोवर.

ऑक्सिजन आम्ही विंकलर पद्धतीने मोजतो. १८८८ साली लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन केमिस्टने काढलेली पद्धत, आणि अजूनही जगभरच्या जहाजांवर हीच चालते. ऑक्सिजनचा सेन्सरही पाण्यात सोडतात, पण सेन्सरचा आकडा हळूहळू सरकतो, त्याचं खरंखोटं करायला परत विंकलरच लागतं. पद्धत अशी की समुद्राचं पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं, नळी बाटलीच्या तळाला टेकवून, बाटली भरून वाहू द्यायची, चांगली दोन-तीन वेळा पाणी बदलेल इतकी, मग पाण्याखाली पिपेटचं टोक नेऊन आधी मँगनीज क्लोराइड आणि नंतर अल्कलाइन आयोडाइड सोडायचं, बूच लावायचं, नीट हलवायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका येतो. नसेल तर पांढरा. वरच्या पाण्याच्या बाटल्या गडद तपकिरी असतात, खाली जाल तसा रंग उतरत जातो आणि ओएमझेडच्या बाटलीत पांढरा साका बसतो. मी हे अजून फक्त लॅबमध्ये नायट्रोजन सोडून तयार केलेल्या पाण्यात बघितलंय, समुद्राच्या पाण्यात बघायचं बाकी आहे, आणि खरं सांगते, त्यासाठीच मी इतके दिवस धडपडतेय. पुढे मग त्यात अॅसिड घालायचं, आयोडीन सुटून पिवळं होतं, थायोसल्फेटने टायट्रेट करायचं, म्हणजे ते थेंबथेंब सोडत किती लागलं ते मोजायचं, शेवटी स्टार्च घातला की निळं आणि निळं गेलं की संपलं.

आता ह्यातली बाटली. ह्या बाटल्या लिहायला १२५ मिलीच्या असतात पण खऱ्या कुणाचीच १२५ नसते, कुणी थोडी कमी, कुणी दोन मिली जास्त, आणि बूच काचेचं घासून बसवलेलं असतं, ते किती आत जातं त्यावरही फरक पडतो. म्हणून प्रत्येक बाटलीचं वजन आधी कोरडी असताना बुचासकट घ्यायचं, मग डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरून बूच लावून बाहेरून पुसून परत घ्यायचं, पाण्याचं तापमान लिहायचं, त्या तापमानाला पाण्याची घनता किती ते टेबलमध्ये बघायचं आणि त्यावरून आतलं खरं माप काढायचं. असं सगळ्या बाटल्यांचं. मग बाटलीवर नंबर कोरायचा आणि बुचावर पण तोच नंबर. बाटली आणि बूच ही जोडी पुढे कधीही फुटता कामा नये, एकाचं बूच दुसरीला लागलं की माप बदललं. आमच्याकडे धुवायला टाकताना सुद्धा बूच बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने अडकवूनच टाकतात. ज्युनियर मुलं सुरुवातीला म्हणायची दीदी एवढं काय, आता तीच एकमेकांना ओरडतात. परवा तर एकाने सगळ्या बाटल्यांची यादी तीनदा तपासून भिंतीवर चिकटवली, ते बघून मला फार बरं वाटलं.

दुसरी मोठी गोष्ट वजनाची, आणि ही मला आधी सुचलीच नसती. जहाजावर बारीक वजन करता येत नाही. आपली लॅबमधली जी बॅलन्स असते ना, दार उघडलं तरी आकडा हलतो, ती डुलत्या बोटीवर काय स्थिर होणार. म्हणून जी जी पावडर तिकडे लागणार ती इथेच मोजून, एकावेळेच्या पुड्या करून न्यायची. पोटॅशियम आयोडेट ओव्हनमध्ये सुकवून, गार करून, छोट्या छोट्या वायलमध्ये, म्हणजे इवल्या बाटल्यांमध्ये, वजन करून भरलंय, प्रत्येक वायलवर नेमकं वजन चार डेसिमलपर्यंत, तारीख, कुणी केलं त्याची सही. हेच आयोडेट पुढे थायोसल्फेटची ताकद तपासायला वापरायचं, म्हणजे सगळ्या आकड्यांची पाळंमुळं ह्या वायलमध्ये आहेत. फॉस्फेटसाठी अॅस्कॉर्बिक अॅसिड लागतं, त्याचं द्रावण करून ठेवलं तर टिकत नाही, म्हणून त्याच्याही पुड्या, तिकडे रोज ताजं करायचं. स्टार्चच्या पुड्या वेगळ्या. आईच्या देवघरातल्या हळदीकुंकवाच्या पुड्यांसारखं दिसतंय सगळं, फक्त प्रत्येकीवर आकडे आहेत.

क्लोरोफिलची, म्हणजे ज्यावरून पाण्यात फायटोप्लँक्टन किती ते कळतं त्या हिरव्या रंगद्रव्याची, तयारी त्यामानाने सोपी पण वेळखाऊ. जीएफएफ फिल्टर, काचेच्या तंतूंचे, २५ मिलिमीटरचे, त्यातून पाणी गाळायचं, फिल्टर अर्धा दुमडून अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून लगेच अतिथंड ठेवायचा, उजेड लागू द्यायचा नाही. फॉइलचे चौकोन आम्ही इथेच कापून नेतोय, कारण तिकडे रात्री तीन वाजता हात ओले असताना फॉइल कापत बसायला कुणाला वेळ असतो. आणि लेबल पेन्सिलने लिहायचं, हे लक्षात ठेवा. परमनंट मार्कर नावालाच परमनंट, क्लोरोफिल काढायला आपण जे अॅसिटोन वापरतो त्याने तो सगळा पुसला जातो. प्लँक्टनच्या बरणीत लेबल आत टाकायचं असेल तर ते पण पेन्सिलनेच, जाड ट्रेसिंग पेपरवर. साध्या एचबी पेन्सिली, शार्पनर, खोडरबर ह्यांचा असा ढीग मी शाळेत असल्यापासून पहिल्यांदा विकत घेतला.

बाकी यादी फार मोठी आहे, सगळी देत नाही. तत्त्व एकच, समुद्रात दुकान नाही. सिलिकॉन ट्यूब, ओ-रिंग, ब्यूरेटचे जादा कॉक, पॅराफिल्म, केबल टाय, फ्यूज, टॉर्च, हेडलॅम्प, एक्स्टेंशन बोर्ड, जे एक लागतं ते दोन घ्यायचं आणि जे मोडू शकतं ते तीन. आणि बांधायचं सामान. बोटीवरच्या लॅबमध्ये टेबलावर काहीही नुसतं ठेवता येत नाही, लॅपटॉपपासून कारबॉयपर्यंत, म्हणजे मोठ्या कॅनपर्यंत, सगळं दोरीने नाहीतर हूकवाल्या इलॅस्टिकने जखडायचं, खाली न घसरणारी रबरी जाळी अंथरायची. ती जाळी मी मंगळबाजारातून आणली, किचनच्या ड्रॉवरमध्ये घालतात तीच, दुकानदार विचारत होता बेन एवढी कुठल्या किचनला, म्हटलं काका जहाजाला, मग त्याने बसवून घेऊन सगळं ऐकून घेतलं आणि दोन रोल जास्त दिले, पैसे घेईना. दोरीच्या गाठी आमच्या लॅबचे अटेंडंट काका शिकवतायत, ते गणपतीच्या मंडपाचं काम वर्षानुवर्षं करतात, त्यांची गाठ ताण पडला की अजून घट्ट होते आणि सोडायची म्हटलं तर एका झटक्यात सुटते. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं आम्ही सगळे टेबलाच्या पायांना गाठी मारत असतो.

केमिकल न्यायचा प्रश्न वेगळाच. ट्रेनमध्ये अॅसिड-बिसिड नेता येत नाही, विमानात तर नाहीच नाही, म्हणून आम्ही ट्रेनने मडगावला जाणार आणि सामान आमच्याआधी टेम्पोने रस्त्याने गोव्याला. अॅसिड आणि अल्कली एका खोक्यात कधीही नाही, काच मध्ये, बाजूने थर्मोकोल, खोक्यावर चारी बाजूंना वरची दिशा दाखवणारे बाण, आत काय आहे त्याची यादी एक आत एक बाहेर, प्रत्येक केमिकलची सेफ्टी शीट वेगळ्या फाइलमध्ये. सल्फ्युरिक अॅसिड आम्ही तिकडेच घ्यायचं ठरवलं, उगाच रस्त्यावरून नेण्यात जोखीम. चलन, ई-वे बिल, बंदराच्या गेटचा पास, जहाजावर जाणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रं, मेडिकल फिटनेस, हे कागद गोळा करायला इतर कामांइतकाच वेळ जातो, आणि त्याला शॉर्टकट नाही, दोन महिने आधी सुरू करा एवढंच सांगते.

मेडिकलवरून आठवलं, डेंटिस्टकडे जाऊन या. हे मला एका सीनियर मॅडमनी सांगितलं आणि फार मोलाचं आहे. बाकी बीपी, एक्सरे, रक्तगट हे सगळं फॉर्ममध्ये असतंच, पण दात फॉर्ममध्ये नसतो, आणि किनाऱ्यापासून तीनेकशे मैलांवर दाढ दुखायला लागली तर जहाज तुमच्यासाठी वळणार नाही. बोट लागण्याच्या गोळ्या डॉक्टरला विचारून घ्या आणि महत्त्वाचं म्हणजे त्रास सुरू व्हायच्या आधी घ्या, एकदा उलट्या लागल्या की गोळी पोटात राहातच नाही. जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या डेकवर डुलणं कमी जाणवतं, डेकवर असाल तर क्षितिजाकडे बघायचं, आणि पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडं काहीतरी चघळत राहायचं. म्हणून आईने खाकरे, आवळासुपारी, आल्याच्या वड्या असा एक डबा केलाय आणि सोबत सगळ्यांना वाटायला लीलो चेवडो पण दिलाय, माझ्या बॅगेत कपडे कमी आणि हेच जास्त आहे. मुलींसाठी एक सांगते, आपल्याला जे महिन्याला लागतं ते क्रूझच्या दिवसांपेक्षा बरंच जास्त दिवसांचं घ्या, हवामानामुळे तारखा पुढे जातात. आणि चपट्या तळाचा, मजबूत, न घसरणारा सेफ्टी शूज, आधी घालून मऊ करून घेतलेला. डेकवर हेल्मेट आणि लाइफ जॅकेट लागतंच, ते जहाजावर मिळतं.

आजीला सगळ्यात जास्त काळजी. ती आमच्या दांडियाबाजारच्या घरातून फारशी बाहेर पडत नाही, समुद्र तिने द्वारकेला बघितलेला. तिने मला विचारलं, बाळ, बोट बुडायला लागली तर तुला कसं कळणार, तू तर आत बाटल्या धुत बसलेली असशील. इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला सांगितलं की आजी, भोंगा होतो, सात छोटे आणि एक लांब, जगात कुठल्याही जहाजावर हाच इशारा, तो ऐकला की हातातलं टाकून लाइफ जॅकेट घेऊन आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं, तिथे नावं घेतात, आणि कोण कुठल्या लाइफबोटीत हे आधीच ठरलेलं असतं, निघाल्या निघाल्या सगळ्यांकडून ह्याची ड्रिल करून घेतात. तिने मला तो भोंगा तोंडाने काढून दाखवायला लावला. आता दिवसातून एकदा तरी ती विचारते सातच ना गं, आणि मी म्हणते हो सात आणि एक लांब.

बडोद्याचा समुद्राशी काय संबंध असं पण लोक म्हणतात, विश्वामित्री नदीत मगरी आहेत तेवढं पाणी पुरे. पण संबंध आहे, आणि जुना आहे. ओखामंडळ, म्हणजे द्वारका आणि ओख्याचा सगळा किनारा, बडोदा संस्थानात होता, आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारने १९०५ च्या सुमाराला जेम्स हॉर्नेल नावाच्या समुद्री जीवांच्या जाणकाराला बोलावून तिथल्या समुद्री प्राण्यांची पाहणी करून घेतली, त्याच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये लंडनला छापून आला. भारतात समुद्राच्या संशोधनाची संस्था निघायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आपली गोव्याची एनआयओ, १ जानेवारी १९६६ ला सुरू झाली, त्याच्याआधी १९६५ पर्यंत चाललेली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली त्यातून ती उभी राहिली, त्या मोहिमेत आपल्या नौदलाचं आयएनएस किस्ना हे जहाज शास्त्रज्ञांना घेऊन फिरलं होतं. मग १९७६ मध्ये गवेषणी आली, १९८३ मध्ये सागर कन्या, पुढे सागर संपदा, सागर निधी, सिंधु साधना. म्हणजे संस्थानी बडोद्याने जेव्हा पैसे खर्च करून किनाऱ्यावरचे शिंपले, स्पंज, किडे मोजायला लावले तेव्हा ह्यातलं काहीही नव्हतं. आणि कमाटीबागेच्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा! आपण सगळे शाळेच्या सहलीत त्याच्या फासळ्यांखाली उभे राहिलोय. मला समुद्रात केवढं काय काय असू शकतं ह्याचा पहिला अंदाज तिथे आला, किनाऱ्यावर मी कितीतरी नंतर गेले.

आणि अदिती पंत. नागपूरच्या, पुण्यात शिकलेल्या, एनआयओत काम करणाऱ्या समुद्रशास्त्रज्ञ, १९८३ च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या, भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या पहिल्या बायका ह्या दोघी. घरात मी जहाजावर जायचं काढलं तेव्हा एका काकांनी विचारलं मुली जातात का, तर बाबांनीच त्यांना अदिती पंतांचं सांगितलं, मला बोलावंच लागलं नाही. बाबा बँकेत होते, त्यांना हे नाव कुठून माहीत मला माहीत नाही, पण त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

जहाजावर काम कसं चालतं ते थोडक्यात. चार तास काम आठ तास सुट्टी अशा पाळ्या असतात, मला बारा ते चारची पाळी मिळायची शक्यता आहे, म्हणजे दुपारी बारा ते चार आणि रात्री बारा ते चार. म्हणून मी आत्तापासूनच रात्री उशिरा लॅबमध्ये टायट्रेशनची सवय करतेय. स्टेशन म्हणजे समुद्रातली ठरलेली जागा, अक्षांश-रेखांशावर, तिथे जहाज थांबतं आणि सीटीडी खाली सोडतात, ही एक लोखंडी चौकट, मध्ये तापमान, खारटपणा, खोली मोजणारे सेन्सर आणि भोवती गोल निस्किन बाटल्या, दोन्ही तोंडं उघडी ठेवून खाली जातात आणि वर येताना हव्या त्या खोलीला कॉम्प्युटरवरून एकेक बंद करायची. सेकंदाला साधारण मीटरभर वेगाने केबल सोडतात, म्हणजे २००० मीटरला जाऊन यायचं तर तासाभराच्या वर. वर डेकवर आलं की रांग लागते, आणि रांगेत पहिला नंबर ऑक्सिजनवाल्याचा, कारण निस्किन उघडली की हवा आत शिरते. मग पीएच आणि कार्बनवाले, मग नायट्रेट-फॉस्फेट, क्लोरोफिल, आणि सगळ्यात शेवटी खारटपणा, त्याला घाई नाही. हा क्रम कुणी कितीही सीनियर असो बदलत नाही. मला हे फार आवडतं.

आमच्या वाड्यातली पोरं पण ह्या क्रूझमध्ये आहेत असं म्हणायला हरकत नाही. थर्मोकोलचे कप त्यांना दिलेत, त्यावर मार्करने चित्रं काढतायत, कुणी मगर, कुणी पतंग, एकीने कपभर नुसते मासे. हे कप जाळीच्या पिशवीत घालून, एकही सुटून समुद्रात जाणार नाही असे पक्के बांधून सीटीडीच्या चौकटीला लावायचे आणि खोल पाठवायचे. दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, २००० मीटरला दोनशे पट, थर्मोकोलमधली सगळी हवा दाबली जाते आणि कप अंगठ्याएवढा होऊन वर येतो, चित्रासकट. जगभरच्या जहाजांवर हे करतात. पोरांना दाब म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवण्यापेक्षा हे हातात दिलेलं बरं, शिवाय नावं घातलीयेत त्यांनी कपांवर, ज्याचा त्याला परत करायचाय.

टेम्पो गुरुवारी निघतोय. त्याच्या आत थायोसल्फेटची एक शेवटची ट्रायल, बाटल्यांच्या क्रेट मोजून सील करणं आणि सेफ्टी शीटच्या फाइलची दुसरी कॉपी एवढं राहिलंय. मोजलेल्या पुड्यांच्या वजनांची आणि बाटल्यांच्या मापांची वही मात्र टेम्पोत जाणार नाही, वही माझ्या पाठीवरच्या बॅगेत आणि तिचे फोटो तिघांच्या फोनमध्ये. आयोडेटच्या वायल पण हातातच नेणार होते, पण तोही ऑक्सिडायझर आहे, ट्रेनमध्ये चालणार नाही, म्हणून त्या वेगळ्या छोट्या डब्यात टेम्पोनेच, आणि अर्ध्या वायल इथे लॅबमध्ये राखून ठेवल्यात, परत आल्यावर ताडून बघायला. बोटीवर नेट फारसं नसणार, त्यामुळे मधे इथे काही लिहिलं गेलं नाही तर काळजी करू नका. निघाल्यावर खऱ्या कामाआधी एक टेस्ट स्टेशन असतं, त्यात सगळ्या निस्किन बाटल्या एकाच खोलीला बंद करायच्या आणि सगळ्यांमधून पाणी घेऊन ऑक्सिजन काढायचा. पाणी एकच, त्यामुळे आकडे सगळे सारखे यायला हवेत. एखादा वेगळा आला तर ती निस्किन गळतेय, नाहीतर आमच्या बाटलीचं माप चुकलंय, आणि दोन्ही दुरुस्त करायला तिथे वेळ असतो. सगळे जुळले की मग पहिलं स्टेशन.